उल्काबाईचे चाळीस दिवस

"चार ओळींत उरका, बाई," तिप्पण्णा म्हणाले आणि टेबलावरचं एक पातळसं पुस्तक त्यांनी सुंदरम्माकडं सरकवलं. "चित्रांचं आहे. उल्काबाईचं. गिरणीतली माणसं हातोहात नेतायत म्हणून दखल घ्यायची, एवढंच."

तिप्पण्णा सोलापुरातल्या एका साप्ताहिकाचे संपादक होते. सुंदरम्मा मुलींच्या शाळेत मास्तरीण होती आणि तीन वर्षांपासून त्यांच्या पत्रात नव्या पुस्तकांवर अभिप्राय लिहायची. खाली नाव नसायचं, नुसतं 'एक वाचक'. हा वाचक चांगलाच खडूस आहे असा गावात बोभाटा होता. पुण्याहून आलेल्या एका जाडजूड इतिहासाची तिनं अशी काही पिसं काढली होती की लेखकानं दोनदा पत्र पाठवून त्या वाचकाचा पत्ता मागितला होता.

पुस्तकाच्या वेष्टणावर निळ्या रंगात एक पोलादी गोळा, गोळ्याला गोल काच आणि काचेतून बघणारी नऊवारीतली बाई. सुंदरम्मानं ते उघडलं नाही. पिशवीत टाकलं आणि छत्री उघडून घरी निघाली. फाल्गुनातलं ऊन होतं, डांबर वितळेल असं.

उल्काबाई सोलापूरला नवीन नव्हती. एकोणीसशे एकोणीस-वीस सालात याच पत्रात दर शनिवारी तिची गोष्ट यायची. शास्त्र शिकवणारे कुणी एक मास्तर ती लिहीत. गोष्टीतल्या उल्काचा बाप मोठा शोधक. त्यानं शुक्रावर जायचा गोळा बांधलेला असतो, पण ऐन निघायच्या दिवशी तो अंथरूण धरतो आणि पोर एकटी गोळ्यात बसून निघते. गिरणीच्या फाटकासमोर, जेवणाच्या सुट्टीत, वाचता येणारा एक माणूस मोठ्यानं वाचायचा आणि साठ-सत्तर माणसं भाकरी खाता खाता ऐकायची. साळ्यांच्या घरांत ती तेलुगूत सांगितली जायची, बाजारात दख्खनीत. मास्तर पुढं वारले, गोष्ट शुक्रावर पोचून संपली, पण उल्काबाई राहिली. धीट पोरीला लोक अजून म्हणायचे, "ही बघा आमची उल्काबाई."

सुंदरम्मालाही हे म्हटलं गेलं होतं. गोष्ट यायची तेव्हा ती बारा वर्षांची होती. वडील शिवयोगी मास्तर शनिवारी पत्र हातात घेऊन ओट्यावर बसायचे आणि ती त्यांच्या गुडघ्याला टेकून ऐकायची. घरात बोलणं कानडी, पण उल्का मराठीच. पुढं सुंदरम्माचं लग्न झालं आणि दोन वर्षांत ती विजापुराकडच्या त्या घरातून परत आली. का आली हे तिनं सांगितलं नाही आणि कुणी विचारलंही नाही. शिवयोगी मास्तर मात्र भेटेल त्याला सांगत, "पोरीनं डोळ्यातून टिपूस काढलं नाही. उल्का आहे माझी." त्याच अभिमानात त्यांनी तिला शिकवलं, पुण्याला ट्रेनिंगला धाडलं. आता त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. पूर्वी ते वाचायचे, ती ऐकायची. आता ती वाचायची, ते ऐकायचे.

त्या रविवारी सकाळी आंघोळ-पूजा आटोपल्यावर तिनं पुस्तक काढलं.

"आप्पा, उल्काची गोष्ट आलीय. चित्रांची."

म्हातारा ताठ बसला. "वाच."

पहिल्या पानांवर चौकटी होत्या, चौकटींखाली मूळ गोष्टीतली वाक्यं. ती वाचताना तिला कंटाळा येत होता, कारण वाक्यं दोघांनाही पाठ होती. मास्तर तिच्याआधीच ओठ हलवत होते. बापाचा आजार, पोरीचा निर्धार, गोळ्याचं झाकण बंद होणं. मग ते वाक्य आलं, अख्ख्या गोष्टीतलं लोकांचं सगळ्यात लाडकं वाक्य. मास्तरांनीच ते म्हटलं:

"चाळीस दिवस आणि चाळीस रात्री लोटल्या. उल्का डगमगली नाही."

सुंदरम्मानं पान उलटलं आणि थांबली.

मूळ गोष्टीत या वाक्यानंतर शुक्र येतो. इथं शुक्र नव्हता. इथं नुसती चित्रं होती आणि खाली एक अक्षर नव्हतं. तिनं आणखी एक पान उलटलं, आणखी एक. सोळा पानं अशी होती.

"वाच की," मास्तर म्हणाले.

"वाचायला काही नाही, आप्पा. चाळीस दिवस काढलेत चित्रकारानं."

"म्हणजे?"

"तेच चाळीस दिवस. एक वाक्य होतं ना, त्याची सोळा पानं केलीत."

"मग सांग काय आहे ते."

तिनं सांगायला सुरुवात केली. सुरुवातीला हिशेब दिल्यासारखं कोरडं सांगत होती. उल्का बसलीय, हात दांड्यावर. काचेतून पृथ्वी दिसतेय, परातीएवढी. पुढच्या पानावर पृथ्वी ताटलीएवढी. उल्कानं भिंतीवर खिळ्यानं रेघ मारलीय. पुढं ती वेणी घालतेय. आरसा नाही, बघणारं कुणी नाही, तरी नीट तीन पेड घालतेय, आणि पुढच्याच चौकटीत सोडतेय. परत घालतेय.

"सोडते कशाला?" मास्तरांनी विचारलं.

"घालता यावी म्हणून," सुंदरम्मा म्हणाली, आणि हे आपल्याला कसं कळलं याचं तिलाच नवल वाटलं.

पुढं ती जेवतेय. अर्धी भाकरी स्वतःपुढं आणि अर्धी समोर, जणू तिथं कुणी बसलंय. स्वतःची खाऊन झाल्यावर ती समोरच्या भाकरीकडं बघतेय. मग ती खातेय, पण पाठ फिरवून.

एकोणिसाव्या रेघेचं पान आलं. ते पान सगळं काळं होतं. शिळेवरून छापलेला तो काळा रंग मखमलीसारखा दाट होता. वरच्या कोपऱ्यात पृथ्वी, ज्वारीच्या दाण्याएवढी. खालच्या कोपऱ्यात उल्का, नखाएवढी, गुडघे पोटाशी घेऊन बसलेली, पदराचा बोळा तोंडात. मधे काहीच नाही. त्या काहीच नाहीकडं सुंदरम्मा बघत राहिली. शाळेत ती मुलींना भूगोल शिकवायची. पृथ्वी सूर्यापासून अमुक कोटी मैल, हे आकडे ती फळ्यावर लिहायची आणि मुली उतरवून घ्यायच्या. ते अंतर आज पहिल्यांदा तिनं डोळ्यांनी पाहिलं.

"सुंदरा?"

"ती घाबरलीय, आप्पा."

"उल्का घाबरत नाही."

"इथं घाबरलीय."

"मग ती उल्का नव्हे," मास्तर म्हणाले आणि उठले. चाचपडत भिंतीला धरून ओट्यावर गेले. सुंदरम्मा तिथंच बसून राहिली, पान उघडं ठेवून. बऱ्याच वेळानं बाहेरून आवाज आला, "पुढचं सांग."

पुढच्या पानावर उल्का काचेशी उभी होती. तोंड काचेला इतकं जवळ की श्वासाची वाफ काचेवर धरलेली. ओठ उघडे. ती काहीतरी म्हणत होती.

"काय म्हणतेय?"

"लिहिलेलं नाही."

"देवाचं नाव घेत असेल."

"हात जोडलेले नाहीत."

"बापाला हाक मारत असेल," मास्तर हलकेच म्हणाले.

सुंदरम्मानं चित्राकडं निरखून पाहिलं. हाक मारणारा माणूस लांब बघतो. ही काचेतल्या स्वतःच्या पडछायेकडं बघत होती. त्या चित्रानंतर उल्काचा चेहराच बदलला होता. पुढच्या सगळ्या पानांवर ती खांदे खाली सोडून, सैल बसत होती, घरातल्या बाईसारखी. चाळिसाव्या दिवशी शुक्र आला, गोळा उतरला, आणि शेवटच्या चौकटीत उल्का पांढऱ्या ढगांखाली उभी राहून हसत होती.

तिनं दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर चार ओळी लिहायला घेतल्या. "चित्रे सुबक आहेत" असं लिहिलं आणि खोडलं. "मूळ कथेशी इमान राखलेले नाही" असं लिहिलं, तेही खोडलं. काचेपाशी उल्का काय म्हणत होती हे कळल्याशिवाय तिला एक अक्षर पुढं लिहिता येईना.

पुस्तकावर काढणाऱ्याचं नाव नव्हतं. छापखान्याचं होतं. कापडाच्या ताग्यांवर चिकटवायची रंगीत तिकिटं जिथं छापतात तो शिळाप्रेसचा छापखाना होता. सुंदरम्मा बुधवारी तिथं गेली तेव्हा पंचविशीचा एक माणूस गुडघे मोडून शिळेवर तेलकट शाईनं मोर काढत होता, उलटा मोर, म्हणजे कागदावर सुलट उमटावा. त्याचं नाव मायाप्पा. जेऊरकडचा धनगर.

"उल्काबाई तुम्ही काढलीत?"

त्यानं कुंचला बाजूला ठेवला आणि उभा राहिला. "व्हय, बाई. काय चुकलं का?"

"ते चाळीस दिवस तुम्हाला कुठून सुचले?"

मायाप्पानं शाईचे हात फडक्याला पुसले. मग म्हणाला, "ल्हान हुतो तवा फाटकाफुडं गोष्ट ऐकायचो. चुलता गिरणीत हुता, त्याच्याकडं ऱ्हायचो. 'चाळीस दिवस आणि चाळीस रात्री लोटल्या' म्हणलं की समदी टाळ्या पिटायची. मला वाटायचं, आरं, पर लोटलं कसं? माझी आय मेंढरामागं एकली जायाची. ती आली की वळखू यायची न्हाय आमाला दोन दिस. मग चित्रं काढायला बसलो तवा तिलाच इचारलं, एकलं आसताना काय करतीस म्हणून. ती सांगत गेली. मी गोळ्यात बसवलं."

"काचेपाशी उल्का काय म्हणते?"

"ते मी इचारलं न्हाय," मायाप्पा म्हणाला. "आय म्हणली, मग मी बोलायची. मी तसं काढलं. तुमाला पायजेल तर तिलाच इचारा की. मेंढरं कुंभारीत बसलीत सध्या, एका रानात. रविवारी मी जाणार हाय भाकऱ्या घिऊन."

रविवारी सुंदरम्मा त्याच्याबरोबर कुंभारीला गेली. ज्वारी काढून झालेलं काळं रान, त्यात खतासाठी बसवलेली दीडशे मेंढरं, आणि बांधावरच्या बाभळीखाली केराबाई. साठीच्या पुढची, हातात काठी, डोईवर घोंगडी, चेहरा उन्हानं करपलेला आणि डोळे फार लांबचं बघायची सवय असलेले.

"ही मास्तरीणबाई हाय, आय. तुला इचारायला आलीय."

"बस लेकी," केराबाई म्हणाली. "पानी पी आधी."

सुंदरम्मानं पुस्तक उघडून तिच्या मांडीवर ठेवलं. केराबाईनं ते अजून पाहिलेलंच नव्हतं. मायाप्पा लाजून मेंढरांकडं निघून गेला. म्हातारीनं बोटाला थुंकी लावून पान उलटलं, मग दुसरं. अक्षरांच्या पानांवर ती थांबली नाही. सोळा पानांवर आली तेव्हा मात्र एकेका चौकटीवर बोट ठेवू लागली.

"ही रेघ. मी काठीवर मारायची. ही येणी. व्हय, येणी. भाकर..." इथं तिचं बोट थांबलं. "भाकर मी कुत्र्याफुडं ठिवायची. कुत्रं मेलं. मग फुडं बी ठिवायची."

"कधीचं हे, केराबाई?"

"ह्यो मायाप्पा चार वर्साचा हुता. पाऊस न्हाय, चारा न्हाय. मालक तापानं पडल्यालं. मेंढरं मरू द्यावी का? मी निघाले. भीमा वलांडली, फुडं माळ. माळ म्हंजी काय ते तुला कसं सांगू. सकाळी निघालं तर संध्याकाळी तितंच हाय आसं वाटावं."

काळ्या पानावर ती आली. कोपऱ्यातल्या नखाएवढ्या बाईकडं तिनं पाहिलं, दाण्याएवढ्या पृथ्वीकडं पाहिलं, आणि मधल्या काळ्यावरून तळहात फिरवला.

"लांडग्याचं भ्या न्हाय वाटायचं मला," ती म्हणाली. "लांडगा आला तर काठी हाय. ह्याचं वाटायचं."

सुंदरम्मानं काचेचं चित्र पुढं केलं. "इथं ती काय म्हणते?"

केराबाई हसली, दात नसलेलं, मोकळं.

"माझं नाव कुणी घेतलं न्हाय किती तरी दिस. नाव घेणारं कुणी न्हाय म्हणल्यावर मला वाटाय लागलं की मी हाय का न्हाय. मेंढराला मी नाव घिऊन हाक मारायची, मला कोन मारनार? मग मीच म्हणले, केरे, ऊठ. केरे, पानी पी. केरे, आता नीज. मोट्यानं म्हणायची. पैल्यांदा म्हणले तवा रडू आलं. मग बरं वाटलं. तवापासनं भ्या गेलं आसं न्हाय, पर भ्या एकीकडं आन मी एकीकडं."

ऊन डोक्यावर होतं. मेंढरं एकमेकांच्या पोटाखाली डोकी घालून उभी होती. सुंदरम्मा समोरच्या रानाकडं बघत होती आणि त्याच्यापुढच्या माळाकडं आणि त्याच्यावरच्या त्या निळ्या, काठ नसलेल्या आभाळाकडं. शुक्र दिवसाही तिथंच असतो, फक्त दिसत नाही, हे ती दरवर्षी मुलींना सांगायची. कधी अक्षर न वाचलेली ही बाई त्या आभाळातून पायी जाऊन आली होती आणि पाण्याचा तांब्या पुढं करत होती. सुंदरम्माला एकदम वाटलं की खाली वाकून हिचे पाय धरावेत. पण ती नुसती पाणी प्याली.

शेवटच्या पानावर केराबाईनं तोंड वाकडं केलं.

"हितं चुकलं बघ त्येचं. हसतीया उबी ऱ्हाऊन. पोचलेलं माणूस लगी हसत न्हाय. आदी खाली बसतं. मी चारा बघितला आन बसले. मेंढरं खाऊ लागली तरी बसलेलीच. हसू लई उशिरानं येतं."

संध्याकाळी घरी आल्यावर सुंदरम्मानं वडिलांना सगळं सांगितलं. मास्तर भिंतीला टेकून ऐकत होते. नावाचं सांगून झालं. चुलीवरचं पाणी उकळायला लागलं, तिनं उठून ते उतरवलं, परत येऊन बसली.

"सुंदरा," ते कानडीत म्हणाले, "त्या घरात तुला नावानं कोण हाक मारायचं?"

ती दचकली. सात वर्षांत त्या घराचा विषय इथं निघाला नव्हता.

"कुणी नाही. नाव बदललं होतं त्यांनी. त्या नावानंही कुणी मारत नव्हतं. 'ए' म्हणायचे."

"आणि तू?"

"मी विहिरीवर जायची तेव्हा म्हणायची. वाकून. आत घुमायचं. केराबाईचं ऐकेपर्यंत मला वाटत होतं मी वेडी झाले होते तेव्हा."

म्हाताऱ्याचा हात हवेत तिला शोधत आला आणि तिच्या डोक्यावर टेकला. "मी गावभर सांगत सुटलो होतो, पोर रडली नाही म्हणून," ते म्हणाले. "तुला रडायची सोयच ठेवली नाही मी."

सुंदरम्माच्या गालावरून पाणी वाहत होतं आणि ते त्यांना दिसत नव्हतं, पण हाताला तिचं डोकं हलत असलेलं कळत होतं. त्यांनी हात काढला नाही.

तिनं अभिप्राय लिहिला तो चार ओळींचा झाला नाही. तीन रकाने झाले. उल्काबाई आपल्या सगळ्यांची लाडकी आहे, तिनं लिहिलं, पण आपण तिच्या शौर्यावर प्रेम केलं आणि तिला त्या गोळ्यात एकटं सोडून थेट शुक्रावर जाऊन टाळ्या वाजवत उभे राहिलो. या चित्रकारानं मागं जाऊन तिच्या शेजारी चाळीस दिवस काढले. एकोणिसाव्या दिवसाच्या पानाबद्दल तिनं लिहिलं की हे पान वाचकानं उजेडात, दाराशी बसून पाहावं, आणि पाहून झाल्यावर लगेच कुणाशी बोलू नये. शेवटच्या चित्रातली चूकही तिनं लिहिली, आणि ती कुणी दाखवली हे नावानिशी लिहिलं: कुंभारीच्या रानात भेटलेल्या केराबाई.

तिप्पण्णांनी उभ्यानंच वाचायला घेतलं. "चित्रांच्या पुस्तकाला तीन रकाने, बाई? त्या इतिहासाला दीड दिला होता." पहिला रकाना संपला तेव्हा ते खुर्चीवर बसले. संपल्यावर त्यांनी चष्मा काढून पुसला. "मी त्या फाटकासमोर असायचो," ते म्हणाले. "टाळ्या पिटणाऱ्यांत." मग कागद छापायचे खिळे जुळवणाऱ्याकडं देण्याआधी त्यांनी विचारलं, "खाली नेहमीसारखंच, 'एक वाचक'?"

"नाही," ती म्हणाली. "सुंदरम्मा."

शनिवारी अंक निघाला. पुढच्या आठवड्यात एकवीस पत्रं आली, इतकी त्या साप्ताहिकाला कधी आली नव्हती. अर्धी रागावलेली होती. उल्काबाईच्या तोंडात पदराचा बोळा घालणाऱ्या माणसाला हाकलून द्या, असं एका निवृत्त फौजदारानं लिहिलं होतं. एका साळ्याच्या बायकोनं कुणाकडून तरी लिहवून घेतलं होतं की तिचा नवरा मुंबईला गेल्यापासून तीही दोन ताटं घेते, आणि हे तिनं आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. मास्तरांनी ते पत्र दोनदा वाचायला लावलं.

केराबाईला अभिप्राय वाचून दाखवावा म्हणून सुंदरम्मा पुन्हा कुंभारीला गेली तर रान मोकळं होतं. मेंढरं अक्कलकोटाकडं सरकली होती. येताना ती छापखान्यात डोकावली. मायाप्पा नवी शिळा वाळूनं घासून गुळगुळीत करत होता. त्याच्या हातांना पांढरा चिखल लागला होता.

"गेली आय," तो म्हणाला. "पावसाच्या तोंडाला येतील म्हागारी. तिला काय वाचून दावायचं, बाई, तिनंच तर सांगितलंय समदं."

"ही शिळा कशाची?"

तो घासायचा थांबला. "परतीची. गोष्टीच्या मास्तरांनी उल्काबाईला शुक्रावर सोडली आन गोष्ट संपवली. पर माणूस घरला येतंच की. आमची आय आली हुती." त्यानं हातावरचं पाणी झटकलं. "आल्यावर दोन दिस कुणाशी बोलली न्हाय, एवढंच ठावं हाय मला. त्या दोन दिसात तिच्या मनात काय हुतं, ते आता ती आली की इचारतो."

सुंदरम्मानं छत्री भिंतीला टेकवली, शेजारचा लाकडी ठोकळा ओढला आणि शिळेजवळ बसली.

"तोवर मी सांगते थोडं," ती म्हणाली. "परत आल्यावरचं मला माहीत आहे."